मांजराचे मासे

कानस पुन्हा घसरली आणि ऐलाच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. तिने अंगठा तोंडात घातला, थोडा वेळ तसाच धरला, आणि तांब्याचा चमचा परत खिडकीच्या उजेडात नेला. तीन ओरखडे बरे जमले होते. चौथा भलताच सरळ आला होता. मासा काही पट्टी घेऊन चावत नाही.

चमचा म्हणजे जेवणातला नव्हे. दांडा छाटलेल्या चमच्याच्या वाटीसारखा धातूचा तुकडा, एका टोकाला तंगूस बांधायची कडी, दुसऱ्या टोकाला तीन तोंडांचा गळ. गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फातल्या भोकातून खाली सोडून वर-खाली केला की तो जखमी मासोळीसारखा लडबडतो. तळाच्या काळ्या थंडीत सुस्तावून पडलेला लेक ट्राउट त्याच्याकडे सावकाराच्या नजरेने बघतो, एकदा सोडतो, दोनदा सोडतो, आणि शेवटी चावतो. चावला की रंगावर दात उमटतात. तिच्या नवऱ्याच्या, रेइनोच्या पेटीत असे पुष्कळ चमचे होते, तांब्याचे, रुपेरी, पिवळ्या पट्ट्यांचे, लाल ठिपक्यांचे. दात एकावरही नव्हता. दुकानातून घरी आले तसेच सगळे, नवरीच्या भांड्यांसारखे लखलखीत.

आणि आज दुपारी हॉलमध्ये पेटी उघडायची होती.

त्या गावात रीतच होती तशी. माणूस जिवंत असेतोवर त्याने माशांबद्दल हवं ते खोटं बोलावं. कुठे धरला, केवढा होता, कशावर धरला, काही विचारू नये, विचारलं तर खरं सांगू नये. मासा वर आला की चमचा मुठीत झाकून घ्यायचा, हे तिथली पोरं चालायच्या आधी शिकत. पण माणूस गेला की पुरल्यानंतरच्या शनिवारी त्याची पेटी फिनलंडहून आलेल्यांनी बांधलेल्या फिन हॉलमधल्या लांब टेबलावर ठेवायची, कॉफी ओतायची, आणि झाकण उघडायचं. मग प्रत्येकाने एकेक चमचा उचलायचा, त्यावरच्या खुणा बघायच्या, आणि तो घरी न्यायचा. त्यावर पहिला मासा लागेल तो मेलेल्याच्या नावाचा. चर्चमध्ये पाद्री चांगलंच बोलतो, त्याला काही अर्थ नाही. माणूस काय होता ते पेटीवरून ठरे.

रेइनो कोण होता, हे तर सगळ्यांना पाठच होतं. ओव्हिलाच्या दुकानातल्या शेगडीशेजारची खुर्ची त्याची. ओव्हिला गळ, तंगूस, आमिष, बूट आणि दुखण्यावरची मलमं विकायचा. त्याच्याकडे कोणी नवखा चमचा निवडायला आला, की ओव्हिला नुसती हनुवटी शेगडीकडे वळवी. रेइनो आधी खिडकीतून आभाळ बघे. ढग असतील तर तांबं घे म्हणे, ऊन असेल तर रुपं. मार्चमध्ये बर्फ जाड असला की थोडा लाल हवाच. गेल्या माशाचं पोट फाडलंस का, काय होतं आत, मासोळी की किडे? पोट न बघता चमचा निवडणं म्हणजे मुलगी न बघता लग्न ठरवणं. लोक हसत, ऐकत, आणि खरंच मासे आणत. रेइनोही आणी. ऐलाच्या शीतपेटीत ट्राउट कधी सरला नाही.

फक्त आमिषाची गोष्ट निघाली की रेइनोचं नाक वर जाई. मेलेला हेरिंग मासा गळाला टोचायचा, तळाशी सोडून द्यायचा आणि बसून राहायचं, याला तो मासेमारी म्हणायलाच तयार नसे. “साखर सांडून मुंगीची वाट बघायची, आणि वर शिकारी म्हणवून घ्यायचं,” तो म्हणे. हे वाक्य गावभर चालायचं. त्यात रेइनोच्या बाजूने एकच अडचण होती. दर शुक्रवारी तो ओव्हिलाकडून बोटाएवढ्या खारवलेल्या हेरिंगचं एक पाकीट घ्यायचा. माणसाने तोंडात घालू नयेत असे ते मासे. “मांजरासाठी,” तो सांगायचा.

त्यांच्या घरी मांजर कधीच नव्हतं.

ऐलाने हे कधी काढलं नाही. तिला काढायची गरज नव्हती, तिच्याकडे त्याचे हातमोजे धुवायला येत. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मोजे पिळता पिळता ती म्हणाली होती की या मांजराला फार वास येतो. रेइनोने पेपर खाली केला. लाकडाच्या गिरणीत तो करवतीच्या दांड्यावर होता. दांडा वर, ओंडका पुढे. दांडा खाली, ओंडका चिरला. जन्मभर तेवढंच काम. “आठवडाभर हात वर-खाली करतो,” तो म्हणाला. “तळ्यावर जाऊन पण तेच करू?” मग पेपर परत वर गेला. विषय संपला तो संपलाच. पण ऐलाला तेव्हापासून तो तळ्याच्या बर्फावरल्या आपल्या खोपटात कसा बसत असेल ते डोळ्यांपुढे येई. पाठ फळीला टेकलेली, पाय शेगडीकडे, आणि हात निवांत. चमचा माणसाला तसं बसू देत नाही. आमिष बसू देतं.

मात्र हे हॉलमधल्या टेबलावर सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून कानस.

दाराशी बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला. पाठोपाठ लेम्पी आत आली, रेइनोची धाकटी बहीण, वेलदोड्याच्या पावाची टोपली हातात आणि तोंड आधीच चालू. ऐलाने कानस एप्रनच्या खिशात टाकली, पेटीचं झाकण मिटलं. लेम्पीने कोट काढता काढता हॉलमध्ये किती खुर्च्या लावल्या, कॉफी कोण करणार, कोणी साखर आणायचं कबूल करून आणली नाही, हे सगळं सांगितलं. मग तिची नजर पेटीवर गेली.

“आधी उघडायची नसते, माहितीये ना?”

“पुसत होते वरून,” ऐला म्हणाली.

लेम्पीने टेबलावरच्या मेणकापडाकडे बघितलं. त्यावर तांब्याची बारीक पूड चमकत होती.  दाराशी एक पोतं पडलेलं होतं, तिकडे ती वळली. तोंड सुतळीने आवळून आणि मग सुरीने कापून उघडलेलं ते पोतं खोपटातल्या सामानाचं होतं. कॉफीचा थर्मास, कंदील, गळाची छोटी काठी. ताउनोने आणून दिलं होतं. रेइनो खोपटात मेलेला सापडला तोही ताउनोलाच.

“ताउनोची गाठ,” लेम्पी म्हणाली. “सोडवायला बसू नये, कापावी.”

ताउनोच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच गिरणीने घेतली होती. तेव्हापासून तो कुठलीही गाठ दातांनी ओढून आवळायचा. टोक चावून चपटं केलेलं आणि लांब राहिलेलं, पाहूनच ओळखू यायचं. तो आणि रेइनो एका वर्गात होते, एका पाळीत होते आणि जन्मभर एकमेकांना टोचत होते. गावाला त्याची सवय होती. पण लेम्पीला आज काहीतरी सांगायचं होतं, आणि ते पोटात ठेवण्याची तिची ताकद पावाची टोपली रिकामी होईपर्यंत टिकली नसती.

ती सांगू लागली. रेइनो गेला त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती ओव्हिलाच्या दुकानात होती. दुकान भरलेलं. रेइनोने हेरिंगच्या पाकिटाला हात घातला, आणि ताउनो सगळ्यांसमोर म्हणाला, “रेइनो, तुझं मांजर फार खातं रे. एकदा आण की इकडे. बघू तरी चमचा कसा हलवतं ते.”

“मग?” ऐलाने विचारलं.

“मग काय. हसले सगळे. मीही हसले, खोटं कशाला बोलू. रेइनोसुद्धा हसला. आणि पाकीट तिथेच टाकून निघून गेला.”

ऐला उठली आणि तिने कॉफीचं भांडं उगाच शेगडीवरून काढून परत शेगडीवर ठेवलं. लेम्पी गेल्यावर तिने पेटीतून एक चमचा बाहेर काढला. पेटीत तो वेगळा पडायचा. हिरवा, रंग निम्मा उडालेला, कडीपाशी एक लाल मणी, आणि अंगभर दात. खोल, आडवेतिडवे, एकावर एक. कानशीला असले दात सात जन्मांत जमले नसते. पोत्यातल्या काठीला, तंगूसाच्या टोकाला, हा बांधलेला आला होता. तिने तंगूस कापून तो गाठीसकट पेटीत टाकला होता. रेइनोकडे असला चमचा तिने कधी बघितला नव्हता, पण पुरुषांच्या पेटीत बायकोने न बघितलेलं काहीतरी असतंच, असं म्हणून ती गप्प राहिली होती. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस तिला त्या चमच्याचा अभिमानही वाटला. म्हणजे शेवटच्या दिवशी तरी रेइनो चमचा हलवत होता.

आता मात्र हिशेब वेगळा लागत होता. पाकीट दुकानात राहिलं. आमिष नव्हतं. चारचौघांत हसं झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याने कुठून तरी हा चमचा पैदा केला आणि खोपटात बसून हात वर-खाली करत राहिला, दुखऱ्या छातीने, कोणाला तरी काहीतरी दाखवायला. हात वर, हात खाली. आणि त्यातच गेला.

तिने कानस घेतली आणि उरलेल्या चमच्यांवर दात उमटवले. आता ओरखडे सरळ येतात की वाकडे, हे ती बघत नव्हती.

हॉल गरम होता. ओल्या लोकरीचा, कॉफीचा आणि वेलदोड्याचा वास कोंडला होता. टेबलाच्या एका बाजूला पुरुष उभे होते, जरा जास्तच गंभीर चेहऱ्यांनी. रेइनोची पेटी बघायला सगळं गाव लोटलं होतं. त्यात दुःख किती आणि उत्सुकता किती, हे वेगळं करणं अवघड होतं. दोन्ही एकाच कोटात आले होते. मांजराची गोष्ट सगळ्यांच्या ओठांवर होती आणि सगळ्यांनी ओठ कॉफीत बुडवले होते. दुकानदार ओव्हिला कोपऱ्यात, आपलाच काही गुन्हा असल्यासारखा.

ऐलाने झाकण उघडलं.

रीतीप्रमाणे पहिला मान ज्याने मेलेल्याला आधी पाहिलं त्याचा. ताउनो पुढे आला. दाढी केलेली, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. त्याने पेटीत बघितलं. तो हिरवा चमचा सगळ्यात वर होता. मागे कोणीतरी तो बघून तोंडातल्या तोंडात शीळ घातली. असा दातांनी खाल्लेला चमचा कोणीही आधी उचलला असता. ताउनोचा हात त्याच्यावरून गेला, जणू तिथे काही नाहीच, आणि त्याने तांब्याचा चमचा उचलला. सकाळचा, चार ओरखड्यांचा.

त्याने तो दिव्याकडे धरला. उरलेल्या बोटांतला अंगठा ओरखड्यांवरून सावकाश फिरवला. एकदा, आणि परत एकदा. त्या हॉलमध्ये ट्राउटचा दात आणि कानशीचा दात यांतला फरक न कळणारा माणूस नव्हता, आणि ताउनोला तर तो अंधारातही कळला असता. ऐला त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. कोणीतरी कप बशीत ठेवला, तो आवाज फार मोठा झाला.

“जबरी मासा होता,” ताउनो म्हणाला. “दात बघा कसे बसलेत.”

त्याने चमचा खिशात टाकला आणि तो बाजूला झाला. त्यानंतर विषयच नव्हता. ताउनोने पास केलेल्या मालावर बोट ठेवणारा त्या गावात जन्मायचा होता. एकेक जण पुढे आला, चमचा उचलला, ओरखड्यांवर अंगठा फिरवला, मान हलवली. कोणी म्हणालं, रेइनोचा हात हलका होता. कोणी म्हणालं, ढगाला तांबं, उन्हाला रुपं, त्यानेच शिकवलं आम्हाला. हे दुसरं तरी खरं होतं.

ऐला मात्र हिरव्या चमच्याकडे बघत होती. ताउनोने तो का सोडला? तिने तो उचलला. कडीतली गाठ अजून तशीच होती. रेइनोची गाठ तिला माहीत होती, टोक आखूड कापून वर काडीने जाळलेली, हट्टी आणि नीटनेटकी. या गाठीचं टोक लांब होतं. चावून चपटं झालं होतं.

मागून पुढचा हात पेटीत यायच्या आत तिने चमचा एप्रनच्या खिशात टाकला, कानशीशेजारी.

कोटांच्या खोलीत ताउनो बूट चढवत होता. बाकीचे अजून पावाशी होते. ऐलाने चमचा त्याच्यापुढे धरला.

“हा तुझा आहे.”

ताउनोने हात पुढे केला नाही. “त्याच्या काठीला होता.”

“तुझ्या गाठीने.”

 तो बुटाच्या नाडीशी झटापट करत राहिला. बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“गळाला काय होतं?” ऐलाने विचारलं.

“हेरिंग. जुनाट. डब्याच्या तळाशी राहिलेला असेल.” तो थांबला. “मागून माणसं येत होती, ऐला. बर्फगाड्यांचा आवाज यायला लागला होता. मी आधी तेवढं बदललं.”

“आणि हात?”

“कुठला हात?”

“रेइनोचा. हात कुठे होता?”

ताउनो नाडी सोडून सरळ बसला. तिला काय हवं आहे ते त्याला कळलं नाही, पण प्रश्न हलका नाही एवढं कळलं. त्याने आपली पाठ कोटांना टेकली, पाय लांब केले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर. एका हाताला तीन बोटं.

“असे,” तो म्हणाला. “काठी बाजूला टेकवलेली. मला वाटलं झोपलाय. मी दारातूनच शिवी दिली, म्हटलं, ऊठ लेका, कामाला लाग.”

ऐला थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली.

“शुक्रवारी दुकानात मी जे बोललो...” ताउनोने सुरुवात केली.

“बोललास ते बोललास,” ऐला म्हणाली. तिने चमचा त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. “झाकून ने. कोणी बघेल.”

ती बाहेर आली तेव्हा ओव्हिला पायरीवर उभा होता, टोपी हातात घेऊन, त्या थंडीत. कोटाच्या खिशातून त्याने कागदात बांधलेलं पाकीट अर्धं बाहेर काढलं आणि इकडे तिकडे बघितलं.

“त्या शुक्रवारचं राहिलंय,” तो म्हणाला. “म्हटलं, विचारावं. आता लागायचं नाही, नाही का?”

हॉलचं दार उघडंच होतं. आत माणसं कोट शोधत होती, आणि कोटाची बाही शोधता शोधता कान कुठे असतात हे ऐलाला चांगलं माहीत होतं. आज नाही बोलले, पण पुढच्या शुक्रवारी दुकानात पाकीट कोणी न्यायला आलं नाही, की तिथे हिशेब लागणारच होता.

“लागायचं नाही कसं?” ती म्हणाली, आत ऐकू जाईल इतपत. “मांजर काय उपाशी ठेवू? दर शुक्रवारी बांधून ठेव. मी नेईन.”

ओव्हिलाने टोपी डोक्यावर चढवली. “तेवढंच लागेल?”

“तेवढंच. खातं ते भरपूर.”

ती घराकडे वळली नाही. पाकीट घेऊन तळ्याकडे उतरली. बर्फ राखाडी झाला होता, कडेने पाणी सुटायला लागलं होतं, आणि बहुतेकांनी खोपटं ओढून काढली होती. रेइनोचं अजून दूर उभं होतं, धुराडं वाकलेलं. किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीपाशी तिने पाकीट सोडलं आणि मासे बर्फावर मांडले, एकेक करून, जोराचा वास येणारे, बोटाएवढे.

डोमकावळे झाडावर होतेच. बराच वेळ कोणी उतरलं नाही. मग एक आला, उड्या मारत जवळ गेला, मान वाकडी करून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि एक मासा उचलला.

ऐला होडीवर बसली. हातमोजे काढून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि ते तसेच राहू दिले.